चांदमारीवरचा झेंडेवाला

विश्रांतवाडीच्या वस्तीत सत्यशीला ओव्हाळला कुणी ताई म्हणायचं, कुणी भांडकुदळ. पाठीमागे मात्र एकच नाव होतं: पितळचोराची पोरगी. ते तोंडावर म्हणायची छाती फक्त शेजारच्या आनंदीबाईची.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. सत्यशीलेचा बाप गेनू लष्करी कॉलेजच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, रोजंदारीला होता. जवान नेम धरायचे तेव्हा खंदकात बसून निशाण्याच्या फळ्या वरखाली करायच्या, फळी अडकली तर लाल झेंडा दाखवून बाहेर पडायचं. एके दिवशी तो बाहेर पडला आणि डोक्यात गोळी बसली. कॉलेजकडून निरोप आला, गेनू त्या दिवशी कामावर नव्हताच, मातीत रुतलेल्या गोळ्यांचं पितळ वेचायला घुसला होता. वस्तीतले लोक पितळ वेचायचे, खोटं कशाला बोला? पण गेनूने कधी वेचलं नाही. रोजंदारीवाल्याचं नाव वहीत लिहितो कोण, म्हणून मेलेल्याच्या बाजूने बोलायला कागद नव्हता.

आई मुक्ताई आता अंथरुणाला खिळलेली. नवरा चोर नव्हता, एवढं कुठेतरी लिहिलेलं तिला मरण्याआधी ऐकायचं होतं. त्या कॉलेजने इतिहासाचं संग्रहालय उघडलंय, हे कळताच सत्यशीलेने बचत गटाची सहलच तिकडे वळवली.

दारावर मोबाइल काढून घेतले. आत तोफा, पदकं, काचेतले गणवेश. माहिती सांगायला निवृत्त सुभेदार, मिशीला पीळ, बोलणं आदबीचं. चांदमारीच्या दालनात १९८५ सालचा फोटो होता. खुर्च्यांवर साहेब, मागे जवान, आणि अगदी कडेला अनवाणी, लाल झेंडा हातात घेतलेला गेनू. खाली साहेबांची आणि जवानांची नावं, शेवटी ‘व रोजंदारी मजूर’.

‘‘आनंदीबाई, इकडे या!’’ सत्यशीला ओरडली. ‘‘बघा नीट. चोर झेंडा घेऊन साहेबांशेजारी उभा राहतो का?’’

आनंदीबाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. ‘‘गेनूच आहे गं,’’ त्या पुटपुटल्या. मग त्यांची नजर शेजारच्या फलकावर गेली आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला, ‘‘स्थापनेपासून आजवर या चांदमारीवर एकही जीवघेणा अपघात झालेला नाही.’’

‘‘मग माझा बाप काय पडशाने मेला?’’

सुभेदार धावत आले. ‘‘ताई, आवाज कमी. तक्रार असेल तर लेखी अर्ज करा.’’

‘‘करते. या फोटोची प्रत द्या.’’

‘‘त्यासाठीही अर्ज लागेल. सोबत नात्याचा पुरावा, आणि ते इथे कामाला होते याचा पुरावा.’’

‘‘तो तुमच्याच भिंतीला टांगलाय की हो!’’

‘‘फोटोत नाव कुठे आहे, ताई?’’ सुभेदार हळूच म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नसावं.

सत्यशीलेने आयुष्यभर रेशनवाल्यापासून पोलिसापर्यंत कुणाला सोडलं नव्हतं. इथे भांडायचं कुणाशी? फोटोतले साहेब केव्हाच वारले असतील. ती फोटोसमोर फरशीवर बसली. शेवटी आनंदीबाईंनीच तिचा दंड धरला. ‘‘ऊठ. गाडीवाला थांबायचा नाही.’’ संबंध वाटेत कुणी गाणी म्हटली नाहीत.

घरी मुक्ताई जागीच होती. ‘‘दिसला?’’

‘‘दिसला. झेंडा घेऊन उभा आहे.’’

‘‘पितळाचं काय लिहिलंय?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘आणि मेल्याचं?’’

सत्यशीलेला खोटं बोलता आलं असतं. ‘‘तेही नाही, आई.’’

‘‘म्हणजे अजून कामावरच आहे म्हणायचा,’’ म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.