अग्रलेखावरचा फेस
तुरटीचा वास आला की चिखलीतलं ते सलून आठवतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी एका साप्ताहिकात होतो. ‘आमची लेखणी म्हणजे वस्तरा’ असं बजावून मी नगराध्यक्षांवर अग्रलेख लिहिला होता. आठवड्याने दाढीला गेलो, तर खुर्चीत तेच बसलेले. न्हावी वस्तऱ्यावरचा फेस रद्दीच्या तुकड्याला पुसत होता आणि तो तुकडा माझ्याच अग्रलेखाचा होता. अध्यक्षांनी त्याचा हात धरला. “थांब बे, मले वाचू दे.” त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचलं, आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मान मागे टाकली. “हाव, झालं. पुस आता.” लिखाण धारदार आहे असं आजही कुणी म्हणालं, की मला तो फेसच दिसतो, खुंटांसकट.