लोण्यावरची पोर

परवा शेजारची सून विचारायला आली, "काकू, तुम्हाला कीटो माहितीये म्हणे?" तिला भावाच्या लग्नापर्यंत वजन उतरवायचं होतं. मी म्हटलं, माहिती आहे, पण तू म्हणतेस तसलं नाही. आमच्या वेळी त्याला असं सुटसुटीत नाव नव्हतं. मिरजेचे डॉक्टर इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणायचे आणि गावातल्या बायका म्हणायच्या, "लोण्यावरची पोर." ती पोर माझी होती.

साठ सालानंतरची ही गोष्ट. पलूसच्या बाजूला आमची उसाची शेती. मालक फौजेत, वर्षाकाठी एकदा सुट्टीवर यायचे. घरात मी, सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. मुलीला फिट यायच्या. खेळता खेळता मान खाली पडायची, डोळे वर जायचे, कधी सगळं अंग ताठ होऊन ती धाडकन जमिनीवर आपटायची. चूल, विहीर, गोठ्यातली जनावरं, सगळ्याचीच मला धास्ती बसली होती. देवऋषी झाला, अंगारे झाले, सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. गोळ्यांनी पोरगी दिवसभर पेंगायची आणि फिट यायच्या त्या यायच्याच.

शेवटी तिला मिरजेला नेलं. सासूबाई बरोबर होत्याच, नातीला सोडून त्या शेतावरसुद्धा जायच्या नाहीत. तिथले डॉक्टर शांतपणे बोलणारे होते. ते म्हणाले, फिट अशाच येत राहिल्या तर पोरीची समज मागं पडत जाईल. मग म्हणाले, एक उपाय आहे, पण तो औषधाचा नाही, जेवणाचा आहे. तीन महिने करून बघू. गुण आला नाही तर बंद करू, लेकराला उगाच छळायचं नाही.

तो उपाय त्यांनी मला दोनदा समजावून सांगितला. मी सातवी पास, पण ऐकलेलं विसरत नाही. शेजारच्या सुनेलाही तो मी तसाच सांगितला. आपण भाकरी खातो, भात खातो, गूळ खातो, त्या सगळ्याची पोटात साखर होते आणि शरीर ती साखर जाळून चालतं. ती मिळायची बंद झाली की शरीर चरबी जाळायला लागतं. चरबी जळताना रक्तात एक वेगळा पदार्थ तयार होतो. मेंदूला साखर मिळाली नाही की तो त्या पदार्थावर चालतो, आणि तसा चालणारा मेंदू काही मुलांच्या बाबतीत शांत राहतो, फिट थांबतात. का थांबतात ते डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. मला त्याचं काही वाटलं नाही. थांबल्या म्हणजे झालं.

विहिरीवरच्या बायकांना हे सांगायचं म्हणजे गुऱ्हाळाची भाषा लागायची. एकजण म्हणाली, "आवं वैनी, तूप खाऊन आजार बरा व्हतो व्हय? मग आमाला बी लावा की तसला आजार." मी म्हटलं, "हसू नगा. गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाचं वाळकं चिपाड घातलं की भडकतं आन् लगेच विझतं, का न्हाई? बाभळीचं लाकूड सावकाश जळतं. पोरीच्या डोक्यात तो भडका नको हाय, म्हणून चिपाड बंद आन् लाकूड सुरू." त्यावर दुसरी म्हणाली, "मग लय लाकडं खाऊ घाला तिला." हसायला मीही हसले, पण घरी येईपर्यंत डोळे भरून आले होते.

कारण लोणी खाणं म्हणजे चैन, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पाच वर्षांच्या पोरीला भाकरीशिवाय भरवून बघावं. आधी दोन दिवस तिला दवाखान्यात नुसत्या पाण्यावर ठेवलं. मग ताट सुरू झालं. त्यात सगळ्यात मोठा वाटा लोण्या-तुपाचा आणि सायीचा. सोबत एखादं अंडं, जरासं मटण, खोबऱ्याचा तुकडा, मूठभर मेथी नाहीतर चाकवत. ज्वारी, गहू, तांदूळ, डाळ, गूळ, साखर सगळं बंद. दूधही मोजून, कारण दुधातही साखर असते. सगळं ग्रॅमवर तोलायचं. आमच्या घरात अजून शेर-छटाकच चालायचं, म्हणून सांगलीच्या पेठेतून सोनाराकडं असतो तसला लहान काटा आणला. पहिल्या आठवड्यात पोरगी ओकली. मग पोट साफ होईना. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायला लागला. तो वास आला की डॉक्टर खूष व्हायचे, म्हणायचे, चरबी जळतेय. शिवाय दवाखान्यातून एक पांढरी पूड दिली होती. संध्याकाळी तिच्यावर लघवीचे दोन थेंब टाकायचे. पूड जांभळी झाली की समजायचं, सगळं बरोबर चाललंय.

घास भरवायचं काम सासूबाईंचं. त्यांच्या हातून पोरगी काहीही खायची. लोण्याचा गोळा मेथीच्या पानात गुंडाळून त्या तिला "हे बग, नवरीचं पान आलं" असं म्हणत भरवायच्या. मी नुसती काट्यावर तोलून द्यायची. पुडीला रोज जांभळा रंग चढायला लागला आणि फिट कमी होत गेल्या. मग आख्खा एक आठवडा कोरडा गेला. पोरगी पेंगायची थांबली. एकदा तिनं मांजराची नक्कल करून दाखवली, तेव्हा सासूबाई हसता हसता पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

आणि मग मोठी एकादशी आली. त्या दिवशी मी शेतात तण काढायला, भांगलणीला गेले होते. पोरीचं जेवण तोलून झाकून ठेवलं होतं. दुपार कलली तशी घरी आले, तर पोरगी ओसरीवर निपचित पडलेली, कपाळाला खोक, आणि सासूबाई तिचे पाय चोळत बसलेल्या. मोठी फिट येऊन गेली होती. अशी मोठी महिन्याभरात आली नव्हती.

मला राग आला. डॉक्टरांचा, त्या काट्याचा, लोण्याच्या वासाचा, सगळ्याचा. एवढ्याशा जिवाला आपण महिनाभर भाकरीचा तुकडा दिला नाही, आणि शेवटी हे. डब्यातून पीठ काढलं, परातीत घेतलं. म्हटलं, आज पोरगी भाकरी खाईल, बास झालं हे. तेवढ्यात तिला लघवीला लागलं आणि हाताच्या सवयीनं मी पुडीवर थेंब टाकले. पूड पांढरीच राहिली. थोडा वेळ वाट बघितली. तरी पांढरीच.

मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, पोरीनं आज काय खाल्लं?"

त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणाल्या, "काय खाणार? डाक्टरनी धान्य बंद केलंया न्हवं? आज मोठी एकादस, तू झाकल्यालं अंडं कसं भरवू? माझ्यासंगं तिला बी उपासाचं दिलं. साबुदाण्याची खिचडी आन् एक रताळं. धान्याचा कण न्हाई लागू दिला. लय दिसांनी पोटभर जेवली बग."

माझ्या जिभेवर फार वाईट शब्द आले होते. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते तिथंच राहिले. त्यांचं काय चुकलं होतं? आमच्या स्वयंपाकघरात धान्य बंद म्हणजे एकादशी, आणि एकादशीला चालतं ते साबुदाणा, रताळं, वऱ्याचे तांदूळ. जन्मभर त्यांनी तोच हिशोब पाळला होता. डॉक्टरांनी ज्वारी, गहू, तांदूळ सांगितलं, साबुदाण्याचं नाव काढलं नाही. माझ्याही मनात ते आलं नाही.

मी सांगितलं, "आवं, साबुदाणा म्हंजे निस्ती साखरच. भाकरीच्या वरताण. रताळं तर तोंडातच ग्वाड लागतं."

त्यांनी पोरीच्या कपाळावरची खोक बोटानं चाचपली. मग म्हणाल्या, "म्हंजे म्या माझ्या हातानं..."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आत्याबाई, आसं नगा बोलू. ते खाल्लं आन् फिट आली. म्हंजे तसलं खाणं बंद ठिवलं तर फिट थांबती, ह्येच कळलं न्हवं का आज? म्या आत्ता पीठ काढलं व्हतं. भाकरी दिऊन समदं सोडून देणार व्हते." आणि खरंच, परातीतलं पीठ मी परत डब्यात भरलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, पण माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी पोरीला एकही घास भरवला नाही. पोरगी ताट घेऊन त्यांच्या मांडीवर जाऊन बसायची, "नवरीचं पान दे" म्हणायची. त्या तिचे केस सारखे करायच्या आणि म्हणायच्या, "आईकडनं खा, जा." मी किती सांगितलं, तोललेलं आहे, काही होत नाही. ऐकलं नाही.

तीन महिन्यांचे सहा झाले, मग वर्ष, मग दुसरं. एकादशीनंतर फिट आली नाही. पोरगी शाळेत जायला लागली, पाढे म्हणायला लागली. दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू धान्य देऊन बघू. आधी चतकोर भाकरी. मी विचारलं, आणि परत आली तर? ते म्हणाले, येऊ शकते. खोटं बोलणार नाही तुमच्याशी.

पुढं तिला कधीच फिट आली नाही, हे आज मला माहीत आहे. त्या दुपारी माहीत नव्हतं. मी ज्वारीची एक लहान भाकरी थापली, तिचा चतकोर ताटात ठेवला आणि ताट सासूबाईंच्या पुढं सरकवलं. म्हटलं, "तुमीच भरवा." त्या मान हलवत राहिल्या. पोरीनं आपणच तोंड उघडून त्यांच्यापुढं धरलं. तेव्हा त्यांनी हरभऱ्याएवढा तुकडा मोडला आणि तिच्या जिभेवर ठेवला. असं करत सगळा चतकोर संपला.

मग त्या पोरीच्या मागं बसून राहिल्या. पडलीच तर डोकं जमिनीला लागू नये म्हणून तळहात तिच्या मानेमागं धरला. पोरगी उठली, अंगणात गेली, बाभळीच्या शेंगा गोळा करायला लागली. सासूबाई तसाच हात पुढं करून तिच्या मागं मागं फिरल्या. ऊन उतरेपर्यंत हेच चाललं होतं. मी उंबऱ्यातून बघत होते. मला त्यांना बोलवायचा धीर झाला नाही.

दिवेलागणीला त्या आत आल्या आणि चुलीपाशी बसल्या.

"ती उरल्याली भाकरी आण गं," म्हणाल्या. "दोन वरसं झाली, मला घास ग्वाड लागला न्हाई."