अक्काच्या मडक्यातली नीळ

माझी थोरली बहीण थोंगसाय, तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे आहेत. साबणाने जात नाहीत, राखेनेही नाही. लहानपणी मला वाटायचं, बायका मोठ्या झाल्या की अशाच होतात. आता गावात तसे हात तिचे एकटीचे उरले. बाकीच्यांनी बाजारातली पूड आणली, नाहीतर विणणंच सोडलं.

तिच्या परसात छपराखाली निळीचं मडकं आहे. आईच्या मडक्यातलं पाणी ओतून तिने ते लावलं, आईने आजीच्या मडक्यातलं. दह्याला विरजण लागतं, तसंच. पाणी जिवंत असेतो सूत निळं होतं. पाणी बिघडलं तर आमच्याकडे 'मेलं' म्हणत नाहीत, 'ती पळाली' म्हणतात; मडक्यात राहते ती. मडक्याच्या कमरेला कापड बांधलेलं, झाकणावर फुलं. उपोसथाच्या दिवशी, पुनव-अवसेला, काम बंद. आणि मयताहून आलेल्या माणसाने डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय तिच्याजवळ फिरकायचं नाही. अक्काच्या नवऱ्याला अग्नी दिला त्या संध्याकाळी अक्का न्हाली, कपडे बदलले, तरी सकाळपर्यंत परसात गेली नाही. रडायचं होतं ते पुढच्या बाजूला बसून रडली. "ती घाबरेल," म्हणाली.

हे सगळं मला माहीत होतं. कोणी सांगावं लागलं नव्हतं.

मी खामपुन. जन्मभर भातगिरणीत पोती उचलली. काम सुटलं तेव्हा माझ्याकडे एक पाठ आणि एक इंजिन लावलेली शेतगाडी उरली. दोन्ही कुरकुरतात. गावप्रमुखाने शहरवाल्यांसाठी एका दिवसाची सहल काढली. जेवण, मंदिर, हस्तकला. गाडी माझी, म्हणून वाटाड्याही मीच. त्याने मला टोपी दिली. डोक्यावर पोतं वागवलेल्या माणसाला टोपीचं वजन कळत नाही. थेट डोक्यात गेली.

त्या दिवशी बँकॉकच्या निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. म्होरक्या विलायवान बाई. तळ्याकाठी जेवायला बसवलं. भाजलेला मासा, चिकट भात, कुटलेल्या पपईची कोशिंबीर आणि तिच्यात आमची आंबवलेली मासळी.

बाई म्हणाल्या, "काका, याला वास येतोय."

"येणारच, बाई. आला नाही तर परत करा."

सगळ्या हसल्या. मला वाटलं, आपण या कामासाठीच जन्मलो. पोती उगाच उचलली.

पुढे मंदिर. तिथे थावोर्नचा अंत्यविधी होता. गिरणीत पोत्याचं दुसरं टोक धरायचा तो. सहल नेमकी त्याच वेळी मंदिरात नेली यात माझा स्वार्थ होता, नाकारत नाही. शवपेटी उचलायला माणूस कमी पडत होता. तरणे सगळे परगावी. मी पुढे झालो.

थावोर्नचा मेहुणा म्हणाला, "खामपुन, तू नको रे. एकाच्याच विधीची तयारी केलीय."

मी ऐकलं नाही. मंदिराच्या दहनघराभोवती तीन फेऱ्या, मग त्याच्या पायऱ्या चढून वर. पाठीत काहीतरी कटकन बोललं, मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. थावोर्नसाठी केलं, हे खरं. बायका बघत होत्या, हेही खरं. किती कशासाठी, ते आता वेगळं काढता येत नाही. शिक्षिकांनी रांगेत उभं राहून चंदनी लाकडाची फुलं वाहिली. खाली आल्यावर विलायवान बाई म्हणाल्या, "काय ताकद आहे हो काका तुमच्यात!"

झालं. गाडी अक्काच्या दारात उभी केली तेव्हा मी जमिनीवर नव्हतोच. अक्का खांबांवरच्या घराखाली मागावर बसली होती. तिला हाकही न मारता सगळ्यांना थेट परसात नेलं, झाकण उघडलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

"बघा!" मूठभर जांभळा फेस वर काढत मी म्हणालो. "जिवंत आहे!"

मागून अक्काचा आवाज आला. "कुठून आलास?"

"जेवून."

"जेवल्यावर?"

मी फेस मडक्यात सोडला. विलायवान बाई भल्या. त्यांना वाटलं, कौतुक राहायला नको. "मंदिरातून, मावशी. अंत्यविधी होता. काकांनी तर पेटी उचलली!"

अक्काने माझ्या हाताकडे पाहिलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. झाकण लावलं आणि म्हणाली, "सगळ्यांनी विहिरीवर. डोक्यावरून पाणी."

शिक्षिकांनी लुंग्या गुंडाळून अंघोळी केल्या. त्यांना फार आवडलं. "हेही सहलीत धरलंय का, काका?" एकीने विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सकाळी फेस नव्हता. पाणी राखाडी, वास नाही. अक्काने सुताची लड बुडवून काढली. भांडी घासलेल्या पाण्याचा रंग.

"गेली," ती म्हणाली आणि पाटावर बसली. हात मांडीवर. रिकामे. ते हात तसे मी कधी पाहिले नव्हते. विरजण मागायला जावं असं दुसरं मडकं आसपास कुठे नव्हतं.

मी फुलं आणली, मेणबत्ती लावली, मडक्यापुढे गुडघे टेकले. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून सहलीला म्हणायचो तेच तोंडात आलं, "आपलं स्वागत आहे."

"ऊठ," अक्का म्हणाली. "चिंच कोळ. राख गाळ. वाटी घे."

वाटीने पाणी उचलायचं, उंचावरून धार धरायची, पुन्हा उचलायचं. सकाळी आणि संध्याकाळी. पोतं एकदा खाली टाकलं की सुटतो माणूस. इथे टाकलेलं पुन्हा उचलायचं. पहिल्याच दिवशी मी धापा टाकल्या. वाटीने!

"ओततोयस की हाकलतोयस?" अक्का म्हणायची. "हळू. बाळाला न्हाऊ घालतात तसं."

"मला बाळ कुठे होतं?"

"म्हणूनच शिक."

एकदा मी विचारलं, "अक्का, थावोर्नला का भ्यायची ती? साधा माणूस होता. माशीही मारली नाही त्याने."

"थावोर्नला कशाला भिईल? मित्राला पोचवून आलेला माणूस मान खाली घालून येतो. तू मिरवत आलास. तिला वाटलं असेल, हा कुठल्या लग्नाहून आला."

मी धार धरत राहिलो.

गावप्रमुख एकदा डोकावला. पुढची सहल कधी, विचारलं. अक्का म्हणाली, "त्याला वेळ नाही. नोकरी लागलीय." आणि तोंडावरची रेषही हलली नाही तिची.

दिवस गेले. पाणी राखाडीच. अक्का रोज बोट बुडवून चाखायची आणि काही न सांगता चिंच किंवा राख पुढे सरकवायची. मीही विचारणं सोडलं. टोपी घालायचं कधी थांबलं ते लक्षात नाही. वाकल्यावर पाण्यात पडायची, एवढंच.

एका सकाळी धार पडली तिथे बुडबुडे फुटले नाहीत. बसून राहिले. त्यांच्या कडेला जांभळं काहीतरी. मी हाक मारली नाही. ओरडून एकदा घालवली होती. धार धरत राहिलो. अक्का आपणच आली.

तिने लड बुडवली, दाबली, पिळून वर काढली. सूत हिरवट होतं. आम्ही दोघं बघत राहिलो. वाऱ्याने हिरवं विरत गेलं आणि निळं चढत गेलं. फिकं होतं, पण निळंच.

अक्का मडक्यावर वाकली. "आलीस?" तिने विचारलं. हळूच, माझ्याशी कधी बोलली नाही अशा आवाजात.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात धुऊ नकोस. संध्याकाळी परत लागतील."