तळमजल्याच्या काकांचे मिलिमीटर

आमच्या तळमजल्यावरच्या काकांइतका चळवळीला निरुपयोगी माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नसेल. मी पत्रकात 'हजारोंच्या संख्येने' लिहिलं की खाली पेन्सिलीने 'एकशे बारा' लिहून परत पाठवतात. आयुष्य गेलं काँक्रीट तपासणाऱ्या लॅबमध्ये. घट्ट झालेल्या ठोकळ्यावर तीन दिवस दाबाने पाणी सोडायचं, मग तो मधोमध फोडायचा आणि ओल किती आत शिरली ते मोजायचं, हे काम. रिटायर झाले तरी हात थांबत नाहीत. खारी चहात बुडवतात, मोडतात आणि खिशातली स्टीलची पट्टी लावतात. भाचीसाठी कल्याणला स्थळ बघायला गेलेले, तिथे गुलाबजाम फोडून मुलाच्या आईला सांगून आले, "पाक मध्यापर्यंत पोचलेला नाही." लग्न झालं. काकांना आमंत्रण नव्हतं.

कळव्यातली आमची इमारत 'धोकादायक' म्हणून मालकाने खाली करण्याची नोटीस चिकटवली, तेव्हा मी पेटले. रिपोर्ट मालकाचा, इंजिनीअर मालकाचा, उद्या टॉवरही मालकाचा, आणि आम्ही रस्त्यावर! काका एवढंच म्हणाले, "आपण आपलं तपासू." तळमजल्याच्या खांबातून ड्रिलने एक गोल तुकडा काढला आणि जुन्या लॅबमध्ये पाण्याच्या दाबाखाली लावला. तीन दिवस कोण थांबतं? मी हजार पत्रकं छापून मोकळी: 'इमारत ठणठणीत, नोटीस खोटी!'

चौथ्या दिवशी तुकडा फोडला. ओलीची कड सुकायच्या आत काकांनी तिच्यावरून पेन्सिल फिरवली. "लोखंड तीस मिलिमीटरवर. पाणी एकेचाळीसपर्यंत गेलंय, म्हणजे लोखंड गंजणारच."

"काका, पट्टी जरा इकडून धरा ना."

"कुठून धरू सांग. तिथून धरतो. पाणी मागे येणारे का?"

त्या संध्याकाळी गच्चीवरच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी कडाडल्या, "तुम्ही आमच्या बाजूचे की मालकाच्या?"

"मी तळमजल्याचा," काका म्हणाले. "तुमचे तिन्ही मजले माझ्याच डोक्यावर येणार."

मी हजार पत्रकं रद्दीत घातली आणि नवं लिहिलं: 'इमारत खाली करतो, आधी नव्या घराचा नोंदणी केलेला करार हातात द्या.' एकही उद्गारचिन्ह नाही. एवढं मिळमिळीत पत्रक मी आयुष्यात काढलेलं नाही, आणि नेमकं तेच चाललं, कारण खोटं म्हणायला मालकाला त्यात काही सापडेना. महिनोन्महिने टोलवाटोलवी केल्यावर त्याने प्रत्येक घराच्या नावाने सही केली.

काका दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत गेले. टेम्पो भरला, काकू पुढे जाऊन बसल्या, तरी काका दाराशीच. कुलूप लावत होते.

"अहो, पाडायच्या घराला कुलूप कसलं?" मावशी वरून ओरडल्या. "आता काय चोरीला जाणारे?"

काकांनी वर पाहिलंच नाही. कुलूप लावलं, आणि मग दोन्ही हातांनी ते ओढून ओढून बघत राहिले, नीट लागलंय का.