चांदणीला घातलेली पुरणपोळी

मंडळी, गुरांच्या डॉक्टरांना सोडायला मंचरला आलोय आणि नेट कॅफेत बसून हे लिहितोय. अंगाला लिदेचा वास आहे. शेजारचे गृहस्थ नाकाला रुमाल लावून बसलेत. बसू देत!

रेसमधून निवृत्त झालेली, पायानं अधू घोडी चांदणी आम्ही पुण्याहून डिंभ्याला आणली, तेव्हा शेजारचे तात्याच जास्त चिडले होते. "ना औताला, ना गाड्याला. नुसतं खायला कशाला आणली राव?"

आज पोळा. तात्यांनी बैलांना पुरणपोळी चारली. शेजारी बांधलेली चांदणी टकामका बघत होती. त्यांना राहवलं नाही. "हिला बी सण हाय की," म्हणत चार पोळ्या तिलाही घातल्या.

बैल निवांत रवंथ करत बसले. चांदणी मात्र तासाभरात पोटदुखीनं लोळायला लागली. हे दुखणं घोड्याच्या जिवावर बेततं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "आता चालवत राहा. लीद टाकली की वाचली."

सणाचं कोरं धोतर नेसलेले तात्या तीन तास तिला फिरवत होते. बैलांची मिरवणूकही सोडली. मला दोर देईनात. "चूक माझी हाय, मीच फिरवनार."

पाचच्या सुमारास चांदणीनं शेपटी उचलली, आणि लीद पडताच अख्खी आळी ओरडली!

तात्यांनी डोळे पुसले, बैलांसाठी आणलेला गुलाल तिच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "पुढच्या पोळ्याला हिला काय घालायचं, ते आत्ताच सांगून ठिव."

मंडळी, सांगा, काय घालायचं?