पित्ताम्लाचा सतरावा रेणू

तिगाव स्टेशनावरून पॉइंट्समन म्हणून निवृत्त झालेल्या पुंडलिकराव गजभियेंची मुलगी दामिनी नागपुरात पीएचडी करत होती, हे पांढुर्ण्याच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती नेमकं काय करते, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. एका सुटीत पुंडलिकरावांनी सरळच विचारलं, “तू तिथं करून काय राहिली? मले समजंल असं सांग.”

तिने सांगितलं. प्रत्येक पेशीभोवती तेलकट पडदा असतो. पाण्यात विरघळणारी पुष्कळ औषधं त्या पडद्याबाहेरच अडकतात. पण पित्तातल्या आम्लांची एक बाजू पाण्याशी जमवून घेते, दुसरी तेलाशी. म्हणून तर खाल्लेलं तेलतूप पचतं. तीच आम्लं जोडून ती नवे रेणू बनवत होती, औषधाला सोबत घेऊन पडद्यापार जातील असे. पित्ताशय काढून टाकलेले पुंडलिकराव हे ऐकून खूप हसले. मग चहाच्या टपरीवर भेटेल त्याला तेलाची अन् पाण्याची ती गोष्ट सांगू लागले.

सतरावा रेणू पार गेला. औषधाऐवजी त्याला चमकणारा रंग जोडला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आतून हिरव्यागार दिसल्या. दामिनीने त्याच दिवशी घरी फोन केला.

पुढच्या महिन्यात प्रयोग पुन्हा केला तर सगळा अंधार. अकरा वेळा केला, अकराही वेळा तेच. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, घाई करू नकोस, एकेक गोष्ट तपास. तिने रेणू तपासला, पेशी बदलल्या. पण चार वर्षं होऊन गेली होती, ती थकली होती. पहिल्यांदा दिसलं ते आपल्याच चुकीने, असं तिच्या मनाने घेतलं. सौंसरच्या एका शाळेत रसायनशास्त्राची जागा निघाली, ती तिने घेतली.

“बाबा, ते काही खरं नव्हतं,” घरी येऊन ती एवढंच म्हणाली. पुंडलिकरावांनी मान हलवली. त्यानंतर कुणी विचारलं तर ‘पोरगी मास्तरीण आहे’ म्हणून ते विषय बदलत. दोन वर्षांनी ते गेले.

ते गेल्यावर आठ महिन्यांनी हर्षलचा फोन आला. हा तिच्या मागून प्रयोगशाळेत आलेला मुलगा. तिची वही वाचून त्याने सतरावा रेणू पुन्हा बनवला होता आणि तो दर वेळी पार जात होता.

“मग माझं काय चुकलं?”

“ताई, पहिली संपल्यावर आणलेली रंगाची दुसरी बाटली तुम्ही खिडकीत ठेवली होती. वहीत तुम्हीच लिहिलंय. उन्हानं रंग मेला होता.”

रेणू तेव्हाही आत जात होता, फक्त दिसत नव्हता. त्या रंगाचा एक थेंब पाण्यात टाकून दिव्याखाली धरला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. बाकी सगळं तिने तपासलं होतं.

परत येऊ का, असं तिने मॅडमना विचारलं. पण पीएचडीची नोंदणी कधीच रद्द झाली होती. शोधनिबंधात दुसरं नाव मात्र तिचं आलं. तिच्या आईने, कलाबाईंनी, तो तिच्याकडून मराठीत समजावून घेतला.

“म्हंजे तू बाबाले पयले सांगतलं, ते खरंच होतं?”

“हो.”

“मंग मांगून तसं काहून सांगतलं त्याईले?”

बाबा शेवटपर्यंत लोकांसमोर ओशाळत होते का, हे तिला आईला विचारायचं होतं. अजून तिने विचारलेलं नाही.