सुमीच्या गोळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वहिनीला सांगायची गरज नाही — तिला माहीतच आहे. तिच्याशिवाय कुणालाच नाही.

सुमी माझी पुतणी. लहानपणी तिला फिट यायच्या, दिवसातून कितीदा तरी. पुण्याच्या डॉक्टरांनी वेगळाच आहार बांधून दिला — लोणी, तूप, साय. भात, भाकरी, गूळ बंद. आणि फिट थांबल्या. गावात, न्हावऱ्यात, आमच्या म्हशींच्या तुपाचं केवढं कौतुक झालं.

पण अशा आहारात काही क्षार कमी पडतात, म्हणून रोज गोळ्याही द्यायच्या होत्या. एकदा मी शिरूरला कॉलेजला निघालो, तर वहिनी दारात आली. "भावजी, गोळी दिली की पोरगी ओकतीया. नाय दिली तर चालंल का? तुमी सायन्सवालं, तुमास्नी कळतंय."

मला कळत नव्हतं. पण घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच मी — माहीत नाही, असं कसं म्हणायचं? "घरच्या तुपात सगळं असतंय, वहिनी," म्हणालो आणि एसटीकडं पळालो.

काही महिन्यांनी सुमी अंगणातल्या अंगणात दमायला लागली. पाय सुजले. पुन्हा पुणं. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, त्याची ताकद गेलीय. मग विचारलं, "गोळ्या रोज देताय ना?" वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो — हो, रोज.

का म्हणालो? भीती? लाज? माझ्या उत्तरावर विसंबून डॉक्टर भलतीकडंच कारण शोधत राहिले, आणि आत सुमीला ऑक्सिजन लावलेला. मी बाहेर बाकावर बसून होतो. एक वाक्य तर बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते वहिनी बोलली. "गोळ्या मीच बंद केल्या, डॉक्टर." माझं नाव घेतलं नाही. डॉक्टर तिला सगळ्यांदेखत बोलले. मी तिथंच उभा होतो — पिशवी धरून.

कमी पडलेला क्षार दिल्यावर सुमी वाचली. हृदय मात्र पुरतं भरून आलं नाही. शाळेत पोरी पळतात तेव्हा ती कडेला बसते.

आई अजून विषय काढते. "आई असून पोरीच्या गोळ्या बंद केल्या हिनं." वहिनी धार काढायला गोठ्यात जाते.

तिनं नाही. मी बंद केल्या.